बिनडोकाची मुसळी आणि माझे १,००,९५० रुपये

माझे एकूण १,००,९५० रुपये बुडाले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात तो सध्या पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत कुठेही फिरतो आहे, आणि लोक तो माझ्यासमोर न बोलता मी ओट्यावरून उठल्यावर बोलतात. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. मी ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि त्यातली बहुतेक वर्षे विज्ञान शिकवले. हे शेवटचे वाक्य लिहिताना मला किती लाज वाटते आहे, ते पुढे कळेलच.

प्रकार तुम्हाला माहीत असलेलाच आहे. आधी बेणे विकायचे, मग माल परत विकत घेण्याचा करार करायचा, आणि माल तयार होण्याच्या सुमारास फोन बंद करायचा. कोणी कोंबड्यांत फसतो, कोणी सागाच्या रोपांत. मी सफेद मुसळीत, म्हणजे जिचे कंद औषधाला जातात त्या वनस्पतीत फसलो, आणि तीही ‘जंगली’ मुसळीत. माझ्यासाठी गळ लावणाऱ्याने आमिष नीट निवडले होते, असेच म्हणावे लागेल.

आमच्याकडे जंगलातल्या वस्तूंबद्दल माणसाला सहज विश्वास वाटतो. चैत्रात मोह वेचला जातो, उन्हाळ्यात चारोळी आणि तेंदूची पाने येतात, बाळंतिणीच्या लाडवांना धावड्याचाच डिंक लागतो. मुसळीही मी लहानपणापासून पाहिली आहे. पहिल्या पावसानंतर तिची कोवळी पाने भाजीला येतात, पुढे पांढरी फुले लागतात, आणि नवरात्राच्या आगेमागे पाने पिवळी पडून गळाली की जमिनीतले कंद तयार होतात. डोंगरातल्या बाया ती खणत, सोलत, फडक्यावर वाळवत आणि बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याला देत. ओली पाच किलो सोलून वाळवली की जेमतेम एक किलो हाती लागते, म्हणून तिला भाव असतो. आईबरोबर बाजारात जाऊन मी हे सारे ऐकलेले होते, आणि त्याच जोरावर या विषयातले मला कळते असा माझा समज झाला होता.

लोकसभेचे मतदान १३ मे २०२४ रोजी उरकले आणि पुढच्याच रविवारी, १९ मे रोजी, एका मंगल कार्यालयात सभा झाली. बोलणारा तिशीतला, स्वच्छ कपड्यांतला, अहिराणी आणि मराठी दोन्ही सफाईने बोलणारा होता. त्याने पडद्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव दाखवले, क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम, आणि हे नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले असेही सांगितले. ही माहिती खरी आहे. या लोकांची निम्मी माहिती खरी असते आणि तिच्या आडोशाने उरलेली निम्मी खपते. आयुष मंत्रालयाचे राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळही खरेच आहे, पण त्याचे अनुदान ‘आमच्यामार्फत’ मिळेल, ही थाप होती. हे मंडळ २००० साली स्थापन झाले हेसुद्धा तो अचूक बोलला, आणि मी शेजाऱ्याकडे पाहून मान डोलावली, जणू काही परीक्षक मीच होतो.

हिशेब असा मांडला होता. अर्ध्या एकराला दोन क्विंटल बेणे लागेल आणि त्याचा भाव ३८० रुपये किलो राहील. उत्पन्न दहा क्विंटल ओले, म्हणजे दोन क्विंटल वाळलेले येईल आणि कंपनी ते १,१०० रुपये किलोने उचलेल. म्हणजे मला २,२०,००० रुपये मिळणार होते. मी २८ मे रोजी नोंदणीचे २,१०० आणि ‘प्रशिक्षणा’चे ५,१०० रुपये भरले, ११ जून रोजी गाडी आली तेव्हा बेण्याचे ७६,००० आणि भाड्याचे ३,५०० दिले. गादीवाफे, शेणखत आणि मजुरी यांवर आणखी १४,२५० गेले. बेण्याचे पैसे मी बँकेतून पाठवले, पण नोंदणी, प्रशिक्षण आणि भाडे यांचे पैसे रोख दिले आणि त्यांची पावती साध्या कागदावर घेतली. रोख मागणारा माणूस तिथेच ओळखावा. करार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होता, त्यावर सही फक्त माझी होती, आणि ‘कंपनीच्या सहीसाठी’ नेलेली मूळ प्रत आजतागायत परत आलेली नाही. छायाप्रत तरी मी काढून ठेवली होती, एवढीच काय ती अक्कल शाबूत राहिली.

आता ज्या क्षणी मला कळायला हवे होते, त्याबद्दल लिहितो. ११ जून, सकाळचे साडेआठ. शेतात गोणी फोडली. लागवडीला चार बाया होत्या, त्यांतल्या एक तडवी मावशी साठीच्या असतील आणि त्यांनी जन्मभर डोंगरात मुसळी खणलेली. त्यांनी मूठभर कांड्या उचलल्या, उलटसुलट पाहिल्या आणि मला विचारले, “गुरुजी, यानं डोकं कोठे शे?”

मुसळीच्या झुपक्याला वर एक डोके असते. त्याला कोणी चकती म्हणतात, पण सगळे कोंब तिथेच असतात. खालच्या बोटांसारख्या कांड्या म्हणजे निव्वळ मुळे. त्यांत अन्न साठलेले असते, पण डोळा एकही नसतो. लागवडीला म्हणूनच प्रत्येक कांडीला डोक्याचा तुकडा असावा लागतो, नाहीतर ती उगवत नाही. डोंगरातल्या जाणत्या बाया कांड्या मोडून घेतात आणि डोके परत त्याच खड्ड्यात दाबून वर माती लोटतात, म्हणजे पुढच्या आषाढात त्याच जागी मुसळी पुन्हा मिळते. माझ्या दोन क्विंटलांत गोणीच्या तोंडाशी ठेवलेले काही झुपके सोडले तर डोके असलेली कांडी शोधून सापडत नव्हती. म्हणजे मी ३८० रुपये किलोने, लावण्यासाठी, खाण्याची मुसळी घेतली होती.

बटाटा हे खोड आहे, त्याला डोळे असतात आणि म्हणून त्याचे तुकडे लावता येतात. शतावरीसारखे नुसते मूळ लावून झाड येत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवले आहे. आणि त्या दिवशी मी त्या मावशींना हसत सांगितले, “मावशी, हे नव्या पद्धतीचे बेणे आहे, प्रयोगशाळेतून प्रक्रिया करून आलेले.” असे मला कोणी सांगितलेही नव्हते. गाडीवाल्याला घाई होती, ७६,००० रुपये तासाभरापूर्वी गेले होते, आणि चार मजुरांसमोर आपण फसलो असे कबूल करण्यापेक्षा नवी पद्धत शोधून काढणे मला सोपे वाटले. मावशी काही बोलल्या नाहीत आणि लावायला लागल्या.

माझ्या बाजूने एवढेच सांगतो की मी हावरा नव्हतो. केळीवर करपा येतो, वादळ आले की बाग आडवी होते, भाव व्यापारी ठरवतात. अर्ध्या एकरात दुसरे काही करून पाहावे असे वाटण्यात गैर काय होते? सभेत माझ्याहून शिकलेले लोक बसले होते, त्यांतल्या काहींनी पैसे भरले, आणि ते आज तोंड उघडत नाहीत.

जुलै अर्धा सरला तरी वाफे उघडेच होते. एकूण १७ रोपे आली. मी उकरून पाहिले तेव्हा कांड्या कुजून पिठूळ झाल्या होत्या, आणि तिसऱ्या वाफ्यातल्या कित्येक कांड्या मोडल्यावर आतून चिवट दोरा निघाला. असा दोरा शतावरीच्या मुळात असतो. थोडक्यात, सगळी मुसळीसुद्धा मुसळी नव्हती. फोन केला तेव्हा “गुरुजी, पाणी जास्त झाले असेल” असे उत्तर मिळाले, दुसऱ्यांदा “कमी झाले असेल” असे मिळाले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून तो क्रमांक बंद आहे.

त्यानंतर जे भोगले त्यापुढे फसवणूक बरी होती. कृषी कार्यालयातल्या साहेबांनी सांगितले की कंद म्हणजे बियाणे नव्हे. मी १९६६ चा बियाणे कायदा मिळवला, त्यातल्या व्याख्येत कंद, मुळे, कलमे सारे स्पष्ट लिहिलेले आहे; ते पान त्यांच्यापुढे ठेवले. मग ते म्हणाले की मुसळी अधिसूचित नाही, म्हणजे त्या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या पिकांत ती नाही, त्यामुळे नमुना घेता येणार नाही, आणि पंचनाम्याचे विचारले तर तो नैसर्गिक आपत्तीतच होतो. तिथून मला वन कार्यालयात पाठवण्यात आले, कारण बेणे ‘सातपुड्याच्या जंगलातले’ असल्याचे माझ्याच अर्जात लिहिले होते. तिथल्या कर्मचाऱ्याने अर्ज वाचून पहिला प्रश्न विचारला: “वाहतूक परवाना कुठे आहे?” तक्रार घेऊन गेलेला मी दहा मिनिटांत आरोपी झालो होतो. अर्थात त्याचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. विकणारा खरे बोलत असेल तर परवानगीशिवाय जंगल उकरलेला माल मी घेतला होता, आणि खोटे बोलत असेल तर फसलो होतो. तिसरी शक्यता नव्हतीच, आणि हे मला सभेतच सुचायला हवे होते. ‘अस्सल जंगलातले बेणे’ असे कोणी ट्रकभर विकत असेल तर त्याला परवाना आधी मागा.

पोलीस ठाण्यात ९ सप्टेंबरला गेलो. गणपती बसलेले, सगळे बंदोबस्तात, विसर्जनानंतर या असे सांगण्यात आले. १९ तारखेला गेलो तर हा व्यवहार दिवाणी आहे, करार तुम्हीच केला, असे ऐकवले. मी आग्रह धरल्यावर मग जुने कलम ४२० लावायचे की १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतले ३१८, यावर तिथल्या दोघांत अर्धा तास चर्चा झाली. पैसे मे-जूनमध्ये गेले होते, म्हणजे जुना कायदा, हे मीच सांगितले, त्यावर “गुरुजी, तुम्हाला सगळेच माहीत आहे तर फसलात कसे?” असा प्रश्न आला. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. अर्जावर पोचेचा शिक्का मात्र मी घेतला, आणि तुम्हीही घ्या, तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही. पुढे पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवली. उत्तर आले की अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ वर्ग केला आहे, आणि तो वर्ग झाला त्याच ठाण्यात.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करायचा असतो; मी दोन महिन्यांनी केला. आता ग्राहक आयोगात दावा लावला आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. माल परत विकत घेण्याचा करार असलेला शेतकरीसुद्धा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच म्हटलेले आहे. “तुम्ही व्यापारी हेतूने घेतले” असे कोणी तोंडावर फेकले तर एवढे लक्षात ठेवा. वाफ्यांचे फोटो तारखेसह काढा. बेणे घेण्याआधी पाच-दहा कांड्या कुंडीत लावून महिनाभर थांबा. विकणारा थांबायला तयार नसेल तर त्याला जाऊ द्या.

दीड गोणी लावायची राहिली होती, ती अजून गोठ्यात आहे. घरात रोज म्हणतात की ती उकिरड्यावर टाका, पण वकिलांनी पुरावा म्हणून ठेवायला सांगितले आहे. मावशींनी १७ रोपांची डोकी दिवाळीनंतर मोडून वेगळ्या वाफ्यात दाबली. त्या दिवसाची मजुरी ३०० रुपये झाली. ती वरच्या हिशेबात धरलेली नाही.