पॅव्हेलियनमधला व्हिडिओ: दोनदा बघा, जागा बदलून

३१ वर्षं मी चित्रपटगृहात ऑपरेटर होतो. सुरुवात प्रोजेक्टरच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांवर केली, मग झेनॉनचा दिवा आला, शेवटी डिजिटल. अजूनही कुठे मोठं चित्र दिसलं की माझी मान आधी मागे वळते, झोत कुठून येतोय ते बघायला.

या पॅव्हेलियनमध्ये, म्हणजे आतल्या भिंतींवरच व्हिडिओ दाखवणाऱ्या या दालनात, मागे बघून काही हाती लागलं नाही. आत जायची वाट अरुंद आणि वळणाची, भिंती काळ्या. त्या वाटेने जाईपर्यंत डोळे अंधाराला सरावतात आणि मग एकदम शिंपल्याच्या पोटात आल्यासारखं वाटतं. सरळ भिंत एकही नाही. जमिनीतून उठलेली भिंतच झुकत झुकत छत होते, आणि तिच्या सगळ्या अंगावर चित्र.

खेळ २२ मिनिटांचा. त्यातला पाण्याचा भाग मी विसरणार नाही. वरून धारा उतरतात. भिंत जिथे उभी आहे तिथे वेगाने, जिथे तिचा उतार मंदावतो तिथे पसरत, रेंगाळत. करणाऱ्याने आधी वास्तू नीट वाचली आणि मग चित्र केलं, हे त्या पाण्यात दिसतं. वाकड्या भिंतीवर साधं चित्र टाकलं तर ते ताणलं जातं, म्हणून ते आधीच उलट बाजूने वाकवून घेतात. पण ही दुरुस्ती तंतोतंत जुळते ती एकाच जागेवरून. बाकी सगळ्यांना ते थोडं तिरकंच दिसणार. इथे चेहरे नाहीत, अक्षरं नाहीत, सरळ रेषा नाहीत. पाणी, पानं, राख आणि धूर एवढंच आहे. त्यामुळे कुठेही बसा, काही बिघडत नाही. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला.

माझी नात मात्र लगेच भिंतीशी गेली. म्हणाली, ‘‘आजोबा, माझी सावलीच पडत नाही!’’ झोत फार वरून, तिरके सोडले आहेत. भिंतीला अगदी चिकटल्यावर तिच्या पायाशी जेमतेम वीतभर सावली आली. माणसं मोकळी फिरत असताना हे साधणं सोपं नाही.

आता खटकलेलं सांगतो. शेवटाकडे सगळं काळं होतं आणि फक्त ठिणग्या उरतात. तिथे भिंतीवर राखाडी उभे पट्टे दिसतात. शेजारशेजारच्या दोन प्रोजेक्टरांची चित्रं कडेला एकमेकांवर चढवून सांधा मिटवतात. उजळ दृश्यात तो मिटतोही. पण प्रोजेक्टरला काळं टाकता येत नाही. थोडा उजेड झिरपतोच आणि सांध्यावर तो दुप्पट होतो. बाकीचा काळा भागही तितकाच उजळ करून घेतला असता तर पट्टे लपले असते. शिवाय भिंत पांढरी आहे. आतून वळलेल्या पांढऱ्या पृष्ठभागावर एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूला जाऊन रंग धुऊन टाकतो. तारांगणाचे घुमट बरेचदा राखाडी रंगवतात ते याचसाठी. इथेही तसा हात मारायला हवा होता.

चित्रासाठी वास्तू, ही कल्पना जुनी आहे. १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीचं पॅव्हेलियन उभं राहिलं. काम वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे होतं, वक्र काँक्रीटचा आकार त्यांचे सहकारी यानिस झेनाकिस यांनी घडवला आणि शेकडो ध्वनिवर्धकांतून संगीतकार एडगार वारेझ यांचं संगीत घुमलं. खेळ ८ मिनिटांचा. दुसऱ्याच वर्षी ती वास्तू पाडली. ते वाचलं तेव्हापासून असं काही आतून बघायची मला ओढ होती. इथे मध्यावर उभा राहिलो, पावसाचा आवाज पाठीमागून डोक्यावरून पुढे सरकला, आणि मला भरून आलं.

पहिल्या फेरीत मध्यभागी जमिनीवर आडवे व्हा. दुसऱ्या फेरीत प्रवेशाच्या डाव्या हाताला, भिंत सर्वांत खाली झुकते तिथे बसा. तिथून पाणी अंगावर येतं. फोन मात्र खिशातच ठेवा. आमच्या फेरीत एकाने पडदा उजळला आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवरच्या ठिणग्या विझल्या.