करपट वास घालवायचा: हवेतून की भिंतीवरून?

दूध तळाला लागलं, कुकरमधलं पाणी आटून डाळ काळी पडली, किंवा कढईतलं तेल धुरावलं, तरी पहिला अर्धा तास सगळ्या घरांत सारखाच जातो. खिडक्या उघडायच्या, पंखे लावायचे, नाकाला पदर लावायचा. खरा प्रश्न त्यानंतर येतो. व्हिनेगर उकळायचं, वाट्यांमधून सोडा ठेवायचा, कोळशाच्या पिशव्या आणायच्या की बादली-फडकं घेऊन उभं राहायचं? या चारही उपायांना मानणारे लोक आहेत, आणि प्रत्येकाचं म्हणणं कुठल्या तरी घराला लागू पडतं. माझा कल कुठे आहे ते पुढे येईलच.

त्याआधी त्या अर्ध्या तासाबद्दल थोडं, कारण पुढचं निम्मं काम तिथेच वाढतं किंवा वाचतं. दूध उतू जाऊन बर्नर विझला असेल आणि गॅसचा वास येत असेल, तर एक्झॉस्ट फॅनसकट कुठल्याच बटणाला हात लावू नये. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात आणि वास जात नसेल तर बाहेर पडून 1906 या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा. फक्त धूरच असेल तर आधी आतल्या खोल्यांची दारं लावून घ्यावीत आणि हॉलमधला एसी चालू असल्यास बंद करावा. छताचा पंखा मात्र लावू नये. तो धूर बाहेर काढत नाही, घरभर पसरवतो, आणि गादी-सोफ्यात वास शिरतो तो तिथूनच.

एक्झॉस्ट फॅन लावला की त्याच्या शेजारचीच खिडकी उघडायची सवय असते. मग पंखा त्याच खिडकीतून आलेली ताजी हवा ओढून बाहेर टाकतो आणि धूर आतच घुटमळतो. स्वयंपाकघराची खिडकी बंद ठेवून घराच्या दुसऱ्या टोकाची उघडावी, म्हणजे हवा सगळं घर ओलांडून येते. एक्झॉस्ट नसेल तर टेबलफॅन तोंड बाहेर करून खिडकीपासून हातभर आत ठेवावा. अगदी चौकटीला चिकटवला तर तो कमी हवा ओढतो. जळलेलं पातेलं झाकण घालून गॅलरीत न्यावं आणि करपलेलं अन्न पिशवीत गाठ मारून लगेच घराबाहेर काढावं. ते ओट्याखालच्या डब्यात राहिलं तर बाकीचे उपाय वाया जातात. कढईत जळतं किंवा धुरावलेलं तेल असेल तर त्यात पाणी ओतायचं नाही. झाकण ठेवून गॅस बंद करायचा आणि पूर्ण निवेपर्यंत कढई हलवायची नाही.

उदबत्ती, धूप, कापूर आणि रूम फ्रेशनर मी तुलनेत धरलेले नाहीत. पहिले तिन्ही धुरात धूरच मिसळतात आणि चौथा करपट वासावर गुलाबाचा वास चढवतो. दालचिनी, लवंग, लिंबाची सालं उकळणं त्यातल्या त्यात बरं, पण तेही झाकणंच.

व्हिनेगरचा मान सर्वांत मोठा आहे आणि तो अगदीच फुकाचा नाही. अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर आणि दोन वाट्या पाणी पसरट पातेल्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवलं, की वाफेबरोबर ॲसिटिक आम्ल घरभर जातं. मासळीच्या वासातले अमाइन आम्लारीधर्मी असल्यामुळे तिथे ते झटकन काम करतं. करपलेल्या अन्नाच्या वासात मात्र बराच वाटा आल्डिहाइड आणि फिनॉल जातीच्या संयुगांचा असतो आणि त्यांच्यावर व्हिनेगरचा तेवढा जोर चालत नाही. करपट वास कमी झाल्यासारखा वाटतो, पण त्यात आंबट वासाने नाक व्यापलं जाण्याचाही भाग असतो. पातेल्यावर लक्ष ठेवावं लागतं ते वेगळंच, कारण पाणी आटलं तर दुसरं पातेलंही काळं होतं.

पुसायला व्हिनेगर वापरणाऱ्यांनी आधी ओटा कशाचा आहे ते पाहावं. ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल्सना काही होत नाही. कडप्पा, शहाबादी फरशी आणि संगमरवर हे चुन्याचे दगड. आम्ल लागलं की त्यांची झिलई जाते आणि पांढुरके डाग पडतात. जुन्या घरांतल्या मोझॅकच्या फरशीतही संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, त्यामुळे तिथेही तेच. ब्लीचबरोबर व्हिनेगर कधीच मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायची पद्धतही इथे कामाची नाही. दोघं एकमेकांना निकामी करतात आणि उरतं जवळजवळ साधं खारट पाणी.

खाण्याचा सोडा वाटीत ठेवला तर फक्त वरच्या थराचाच हवेशी संबंध येतो, म्हणून ताटात पातळ पसरावा. तरीही काम संथ चालतं. फ्रिजसारख्या छोट्या बंद जागेत तो उपयोगी आहे, अख्ख्या खोलीत माझ्या नाकाला फारसा फरक जाणवत नाही. गादीवर किंवा सोफ्यावर भुरभुरून तीन-चार तासांनी काढला तर मात्र उपयोग होतो. अट एवढीच की घरात व्हॅक्यूम क्लीनर हवा. ब्रशने झाडून तो शिवणींतून निघत नाही आणि पावसाळ्यात तिथेच ओलावा धरून बसतो.

सक्रिय कोळसा हा या सगळ्यांत शास्त्राच्या कसोटीवर भक्कम. एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर अंतर्गत पृष्ठभाग असतो आणि वासाचे रेणू तिथे चिकटून राहतात. शेगडीचा किंवा तंदूरचा साधा कोळसा त्याच्या जवळपासही येत नाही, तो ठेवून समाधान मानू नये. अडचण अशी की हवा कोळशापर्यंत पोचायला हवी. कोपऱ्यात टांगलेल्या पिशवीपर्यंत ती फार सावकाश पोचते. शिवाय कोकणात-मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतलं बाष्पच त्याची छिद्रं अडवतं. उन्हात ठेवल्यावर ओल जाते, धरलेला वास पूर्णपणे सुटत नाही. एअर प्युरिफायरचंही असंच आहे: त्याचा हेपा फिल्टर धुराचे कण धरतो, वासासाठी आतला कोळशाचा थर जाड असावा लागतो, आणि स्वस्त यंत्रांत तो जेमतेम पत्र्यावर भुरभुरल्याइतका असतो. ओझोन सोडणारी यंत्रं मात्र राहत्या घरात आणूच नयेत, फुफ्फुसांना ती अपायकारक आहेत.

आता ज्या एका त्रासामुळे माझा निर्णय झाला, तो. वरचे तीनही उपाय संध्याकाळी यशस्वी वाटतात. रात्री घर बंद होतं, आणि सकाळी बाहेरून दूध-पेपर घेऊन आत पाऊल टाकलं की वास पुन्हा हजर. पावसाळी सकाळी तर जास्तच. दिवसभर खिडक्या उघड्या, रात्री पुन्हा तेच, असं आठवडाभर चालू राहतं. थकवा येतो तो मूळ वासापेक्षा या परत येण्याने.

कारण साधं आहे. करपलेल्या अन्नाचा धूर म्हणजे नुसती वाईट हवा नव्हे. त्यात तेलाचे आणि डांबरासारख्या पदार्थांचे अतिसूक्ष्म थेंब असतात. ते थंड पृष्ठभागांवर बसतात आणि चिकट थर होतो. हवा स्वच्छ केली की तो थर पुन्हा हवेत वास सोडतो. ऊब आणि दमट हवा मिळाली तर आणखी जोराने. व्हिनेगर आणि कोळसा हवेवर काम करतात, आणि हवा तर सतत नव्याने बिघडत असते. दूध, डाळ, मांस, मासे यांच्या धुराचं आणखी एक आहे: त्यांचा थर जवळजवळ दिसतच नाही. काजळी नाही म्हणून भिंत स्वच्छ समजली जाते, आणि वास तिथूनच येत राहतो.

म्हणून माझं मत पुसण्याच्या बाजूने. अर्धी बादली, म्हणजे पाच-सहा लिटर कोमट पाणी, त्यात दोन चहाचे चमचे धुण्याचा सोडा आणि एक चमचा भांड्यांचं लिक्विड. खाण्याचा सोडा इथे चालणार नाही. तो सौम्य आहे, तर धुण्याचा सोडा चांगलाच आम्लारीधर्मी असल्याने धुरातली आम्लं आणि तेलकट चिकटा सोडवतो. हातमोजे घालावेत, कातडी कोरडी पडते.

काळी काजळी दिसत असेल तर आधी कोरड्या स्पंजने ती टिपून घ्यावी, ओलं फडकं लावलं की ती पसरते. भिंत खालून वर पुसत जावी. वरून सुरुवात केली तर मळकं पाणी खालच्या कोरड्या भागावर ओघळतं आणि त्या रेघा नंतर निघत नाहीत. साध्या पाण्याचा दुसरा हात मात्र वरून खाली. पाणी तपकिरी झालं की लगेच बदलावं, नाहीतर तोच थर दुसरीकडे लागतो.

कुठे पुसायचं हे कसं पुसायचं याच्याइतकंच महत्त्वाचं. ओट्यामागच्या टाइल्स सगळेच पुसतात. राहून जातं ते कपाटांचं माथं, फ्रिजचा वरचा भाग, पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, ट्यूबलाइट, मिक्सरचं कव्हर आणि खिडकीची डासांची जाळी. धूर बाहेर गेला तो या जाळीतूनच, तिच्या प्रत्येक तारेवर थर बसलेला असतो. ती काढून सोड्याच्या पाण्याने घासली की पुष्कळदा निम्मा वास तिथेच मिटतो असा माझा अनुभव आहे. एक्झॉस्टची पाती, एसीची जाळी, चिमणीचे फिल्टर त्याच दिवशी धुवावेत. बिनडक्टच्या चिमणीत कोळशाचा फिल्टर असतो, तो धुण्याजोगा नसतो, बदलावाच लागतो. बटणांच्या पाट्या मेन स्विच बंद करून आणि घट्ट पिळलेल्या फडक्यानेच पुसाव्यात.

याही उपायाच्या मर्यादा आहेत. साधं डिस्टेंपर किंवा चुना लावलेली भिंत पुसली की रंग फडक्यावर येतो. तिथे कोरड्या स्पंजपलीकडे जाता येत नाही आणि वास फारच असला तर सीलर प्राइमर मारून रंगाचा नवा हात हाच मार्ग उरतो. ॲल्युमिनियमला सोडा काळं करतो, म्हणून सरकत्या खिडक्यांच्या चौकटी आणि चिमणीच्या ॲल्युमिनियमच्या जाळ्या नुसत्या साबणाच्या पाण्याने. पॉलिश केलेल्या लाकडालाही सोडा नको. शिवाय एका माणसाचा अर्धा दिवस जातो, खुर्चीवर चढावं लागतं, आणि घरात कुणी वयस्कर एकटं राहत असेल तर हा सल्ला जसाच्या तसा देणं बरोबर नाही. त्यांच्यासाठी चांगली आरपार हवा, ताटभर सोडा आणि फक्त जाळी नि पडदे धुणं, एवढंही बरंच काम करतं.

पडदे कुठल्याही परिस्थितीत धुवावेतच. डिटर्जंटच्या कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावेत. रेशमी आणि लोकरी कापडाला सोडा चालत नाही. वास गेला का हे पूर्ण वाळल्यावरच पाहावं.

दूध नुसतं तळाला लागलं असेल, धूर झालाच नसेल, तर भिंतीपर्यंत जायची गरज नाही. आरपार हवा आणि हवं तर व्हिनेगर पुरे. धूर डोळ्यांना झोंबण्याइतका झाला असेल तर मी कोळशावर पैसे घालण्याआधी बादली भरेन, आणि कोळसा नंतर पुसता न येणाऱ्या बंद कपाटांत ठेवेन. परीक्षा घेताना घरातच बसून हुंगू नये, नाक काही मिनिटांतच सरावतं. पंधरा-वीस मिनिटं खाली फिरून यावं आणि दार उघडताच पहिला श्वास घ्यावा. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची.

राहिलं मूळ भांडं. स्टीलच्या पातेल्यात करपलेला भाग बुडेल इतकं पाणी आणि दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळावं आणि रात्रभर ठेवावं, खपली सुटून येते. ॲल्युमिनियमच्या कुकरला सोडा नको, तिथे चिंचेचं किंवा आमसुलाचं पाणी उकळावं. कुकरची रिंग वेगळी काढून साबणाच्या गरम पाण्यात भिजवावी, शिट्टीची नळी सुईने मोकळी करावी. भिजवूनही रिंगेला वास राहिला तर ती बदलून टाकावी. तो रबरातच मुरलेला असतो आणि पुढच्या वरणभाताला लागतो.