सिम्पायवर अपेक्षित मूल्य: नऊ महिने वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला संभाव्यता शिकवायला घेतली, तेव्हाच ठरवलं होतं की यंदा फळ्यावर इंटिग्रेशनची भेंडोळी सोडवत बसायचं नाही. अपेक्षित मूल्य, म्हणजे प्रयोग पुन्हापुन्हा केला तर येणारी सरासरी, म्हणजे काय हे मुलांना कळावं, आकडेमोड मशीनने करावी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं सिम्पाय, म्हणजे अक्षरं-अपूर्णांकांत गणित करणारी लायब्ररी, आणि त्यातला संभाव्यतेचा स्टॅट्स विभाग घेतला. फुकट आहे, पायथन असेल तर एका ओळीत बसतं, आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांना ब्राउझरमध्येही चालवता येतं. ताळा करायला सोबत आर ही संख्याशास्त्राची भाषा होतीच, कधीमधी मॅक्सिमा हे बीजगणिताचं सॉफ्टवेअर. आता मार्च उजाडला आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी जे आवडलं ते. सिम्पाय उत्तर अपूर्णांकात देतं. एका फाशाचं अपेक्षित मूल्य विचारा, ७/२ येतं. व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, ३५/१२. दोन फाशांपैकी जो मोठा अंक पडेल त्याचं अपेक्षित मूल्य १६१/३६. हेच ४.४७ असं छापून आलं असतं तर मुलांनी वहीत उतरवून पान उलटलं असतं. १६१/३६ दिसल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'मॅडम, छत्तीस कळले, पण एकशे एकसष्ट कुठून आले?' मग सगळे मोजायला बसले: मोठा अंक १ असा एकदाच येतो, २ तीनदा, ३ पाचदा, असं करत ६ अकरा वेळा. गुणा, बेरीज करा, १६१. वीस वर्षांत हा तास इतका सोपा कधी गेला नव्हता.

अटीसकट प्रश्नही सरळ विचारता येतो. फाशावर ३ पेक्षा जास्त पडलं आहे एवढंच माहीत असेल तर अपेक्षित मूल्य किती? ५. अक्षरांतही चालतं. घातांकी वितरणाला (पुढची घटना घडेपर्यंत किती थांबावं लागेल याचं वितरण) दर म्हणून आकड्याऐवजी लॅम्डा द्या, उत्तर १/लॅम्डा येतं. मात्र लॅम्डा धन आहे हे आधी जाहीर करायला विसरू नका, नाहीतर 'असं असेल तर हे, तसं असेल तर ते' असं तुकड्यातुकड्यांचं उत्तर समोर येतं आणि मुलं घाबरतात. दुसरी खबरदारी पायथनची: एक भागिले सहा असं साधं लिहिलंत तर पायथन त्याचा आधीच दशांश करून टाकतं आणि अपूर्णांकाची सगळी मजा जाते. रॅशनल म्हणून सांगावं लागतं.

आता माझी फजिती. ऑगस्टमध्ये दोन फाशांच्या बेरजेचं प्रात्यक्षिक तयार करत होते. पहिल्या फाशाची ओळ कॉपी केली, डावीकडचं नाव बदललं, पण कंसातलं नाव बदलायचं राहिलं. सिम्पायच्या लेखी कंसातलं नाव हीच फाशाची ओळख. नाव एक, तर फासाही एकच. म्हणजे मी दोन फासे टाकत नव्हते, एकच फासा टाकून त्याची दुप्पट करत होते. अपेक्षित मूल्य आलं ७. बरोबरच की! दोन वेगळ्या फाशांचंही ७ आणि एकाच्या दुपटीचंही ७. मी खूश होऊन पुढे गेले. व्हेरियन्स ३५/३ आला, तो ३५/६ यायला हवा होता. पण तो आकडा पाठ थोडाच असतो? चूक सापडली ती आलेखावरून, तीही एका विद्यार्थिनीला. बेरजेचे खांब फक्त २, ४, ६, ८, १०, १२ वर उभे होते. एकही विषम बेरीज नाही! त्या दिवसापासून मी वर्गात अपेक्षित मूल्य एकटं दाखवत नाही, शेजारी आलेख असतोच.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कशात गेला असेल तर सॉफ्टवेअरांची भाषा एकमेकांशी जुळवण्यात. ल्यूडोचं घ्या. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर येत नाही. सरासरी किती वेळा फासा टाकावा लागेल? सिम्पाय म्हणतं ६. आरमध्ये भूमितीय वितरणाचे (पहिलं यश येईपर्यंतच्या खेळ्या मोजणारं वितरण) लाखभर नमुने काढून सरासरी घेतली तर ५ च्या आसपास येते, आणि मॅक्सिमाही ५ सांगतं. वर्गात दोन तट पडले. खोटं कोणीच बोलत नव्हतं. सिम्पाय सहा पडलेली खेळीही मोजतं, बाकीचे दोघे त्याआधीच्या फुकट गेलेल्या खेळ्याच मोजतात.

घातांकी वितरणात तर याहून बेरकी घोळ आहे. बस सरासरी दहा मिनिटांनी येते असं धरलं तर सिम्पायला आणि आरला दर द्यायचा असतो, म्हणजे १/१०. पायथनच्याच सायपाय या दुसऱ्या लायब्ररीला मात्र मोजपट्टी द्यायची, इथे सरासरी वेळच, म्हणजे १०. सायपायची सवय लागलेल्या एका मुलाने सिम्पायला १० दिले आणि बससाठी थांबण्याचा सरासरी वेळ आला सहा सेकंद. हसून पोट दुखलं सगळ्यांचं, पण हीच चूक मिनिटांऐवजी एखाद्या यंत्राच्या आयुष्यमानात झाली असती तर कोणाच्या लक्षातही आली नसती.

वेगाची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. मर्यादित शक्यता असतील तिथे सिम्पाय त्या एकेक मांडून बसतं. दोन-तीन फासे ठीक. दहा फाशांतला सर्वात मोठा अंक विचारलात तर शक्यता होतात ६,०४,६६,१७६. चहा घेऊन या, जेवून या, तरी काम चालूच असेल. हेच हाताने पाच पदांत होतं: ६ मधून १/६, २/६, ३/६, ४/६ आणि ५/६ यांचे दहावे घात वजा करा, ५.८२ येतं. मुलांना ही युक्ती मी मुद्दाम सिम्पाय अडकून पडल्यावरच दाखवते. भूक लागल्यावर जेवण गोड लागतं.

आरवर सरळ इंटिग्रेशन करून अपेक्षित मूल्य काढणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रसामान्य वितरणाची (घंटेच्या आकाराचा, ० भोवतीचा आलेख) घनता ० ते २०,००० इंटिग्रेट करायला सांगितली तर उत्तर जवळपास अर्धा यायला हवं, पण बऱ्याच संगणकांवर ० येतं. आरच्या मदत-पानावरच हे उदाहरण 'फसतं' अशा शेऱ्यासह दिलेलं आहे. सगळा ऐवज पहिल्या चार-पाच एककांत, आणि मशीन नमुन्याचे बिंदू वीस हजारांच्या माळरानावर पेरतं. टेकडी त्याला दिसतच नाही. वरची सीमा मोठा आकडा न देता अनंत द्या, म्हणजे ते नीट वागतं.

अपेक्षित मूल्य अनंत असणं म्हणजे काय, हे सेंट पीटर्सबर्गच्या खेळावर शिकवलं. डॅनियल बर्नूलीने १७३८ मध्ये यावर लिहिलं. नाणं काटा पडेपर्यंत उडवायचं. पहिल्याच वेळी काटा पडला तर २ रुपये, दुसऱ्या वेळी ४, तिसऱ्या वेळी ८. प्रत्येक पायरी बेरजेत एकेक रुपया घालते आणि पायऱ्या संपत नाहीत. सिम्पाय निमूट अनंताचं चिन्ह छापतं. मग मी मुलांना विचारलं, समोरच्याकडे फक्त १०,४८,५७६ रुपयेच असतील तर? तेवढी मर्यादा घालून बेरीज केली की खेळाची किंमत होते २१ रुपये. अनंतावरून थेट एकवीस. दोन मिनिटं वर्गात कोणी बोललं नाही.

एकवीसवरून आमच्या वहिनी आठवल्या. त्या दर संकष्टीला उकडीचे मोदक करून विकतात. एका मोदकाला खर्च १८ रुपये, विक्री ३०, आणि उरलेला मोदक दुसऱ्या दिवशी कोणी विकत घेत नाही. सरासरी खप शंभराचा. मग करायचे किती? मी ऐटीत लॅपटॉप उघडला. पुढचा एकेक मोदक तोपर्यंतच करायचा, जोपर्यंत तो खपण्याची शक्यता १८/३०, म्हणजे ०.६ पेक्षा कमी होत नाही. मागणी पॉयसाँ धरली, म्हणजे एकेक सुट्या, स्वतंत्र घटना मोजणारं वितरण, उत्तर आलं ९७.

वहिनी म्हणाल्या, 'अगं, एक मोदक नेतं का कोणी? पाच नेतात, अकरा नेतात, नाहीतर एकवीस.'

माझं पॉयसाँ तिथेच कोसळलं. पॉयसाँ गिऱ्हाइकांना लागू होतं, मोदकांना नाही. त्यांच्या अंदाजाने दहाएक गिऱ्हाइकं. निम्मी पाच नेणारी, दहातली तीन अकरा, उरलेली दोन एकवीस. एका गिऱ्हाइकामागे सरासरी १०, एकूण तीच शंभर. पण प्रमाण विचलन (व्हेरियन्सचं वर्गमूळ) आधीच्या हिशेबात १० होतं, ते आता ३७ झालं. हे गणित सिम्पायकडून काढून घेण्याचा हट्ट मी केला नाही. आरवर एक लाख संकष्ट्या साजऱ्या केल्या, अर्ध्या मिनिटाच्या आत. उत्तर ८८ च्या आसपास आलं.

अपूर्णांक, सूत्रं, छोटी उदाहरणं आणि शिकवणं यासाठी सिम्पाय मी पुढच्या वर्षीही ठेवणार आहे. मोठ्या हिशेबाला आर. मॅक्सिमा जुनं आणि भक्कम आहे, त्याचं मूळ १९६८ साली एमआयटीत सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण मुलांना पायथन येतं आणि ते येत नाही, एवढ्यासाठीच ते मागे पडलं.

वहिनींना ८८ सांगितले. त्या ८४ करतात. एकवीसचे चार डबे होतात म्हणे, मोजायला सोपं.