फायफॉक्स: न्यूमरिकलचं उत्तर टेबलावर तपासून देणारं अ‍ॅप

अकरावीची न्यूमरिकल्स सूत्रात आकडे घालून सुटतात. त्या सूत्रामागची गृहीतकं कुठे लागू पडतात आणि कुठे कोलमडतात, हे मात्र वहीत दिसत नाही. ते दाखवायला फायफॉक्ससारखं दुसरं साधन शोधून सापडणार नाही. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने २०१६ मध्ये हे अ‍ॅप आणलं. ते फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं आणि फोनमधल्याच सेन्सरांवर मोजमाप करतं.

सुरुवात त्यातल्या ‘इनइलॅस्टिक कोलिजन’ (ऊर्जा घटवणारी टक्कर) या प्रयोगाने करा. टेबल टेनिसचा चेंडू फरशीवर सोडा, म्हणजे माइक टप्प्यांचे आवाज टिपतो. दोन टप्प्यांमधल्या वेळेचा अर्धा भाग वर जाण्याचा आणि अर्धा खाली येण्याचा, म्हणून उंची = गुरुत्व त्वरण × वेळेचा वर्ग ÷ ८. पहिलं अंतर ०.८० सेकंद आणि दुसरं ०.६० सेकंद असेल तर उंची ७८ आणि ४४ सेंटिमीटर येते, म्हणजे मधल्या टप्प्यात ५६ टक्के ऊर्जा उरली. अ‍ॅप हे गणित स्वतःच मांडतं, पण आधी कागदावर करा, मगच स्क्रीनकडे बघा. चेंडू किती उंचीवरून सोडला तेही अ‍ॅप सांगतं, मात्र पहिल्या टप्प्यालाही तेवढीच टक्केवारी लागू होते असं धरून. इथे टेपने मोजलेली उंची जुळली नाही तर निराश होऊ नका. हलक्या चेंडूला हवा अडवते आणि वेग जास्त असताना जास्तच अडवते. पंखा बंद ठेवा, सतरंजीवर प्रयोग करू नका. आवाज नीट पकडला जात नसेल तर थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठा आवाज टिपायचा ती मर्यादा, बदला.

गतीच्या प्रयोगांत एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. ‘जी’सकट, म्हणजे गुरुत्व त्वरण धरून, त्वरण दाखवणारा सेन्सर टेबलावर स्थिर फोनला ९.८ दाखवतो आणि मुक्तपतनात जवळपास शून्य. उशीवर फोन सोडून आलेख बघितला की मुक्तपतनातली वजनरहित अवस्था एकदाची डोक्यात बसते. पण या त्वरणावरून वेग आणि विस्थापन काढायला जाल तर फसाल. सेन्सरची चूक फक्त ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग असली, तरी १० सेकंदांत विस्थापन अडीच मीटरने चुकतं.

सगळ्यात सरस भाग चुंबकत्वाचा. महाराष्ट्रात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) असतं. सरळ, लांब तारेतून २ अँपिअर प्रवाह गेला तर ५ सेंटिमीटरवर ८ मायक्रोटेस्ला मिळायला हवेत, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्रात सहज हरवतील एवढेच. उपाय सोपा: फोन न हलवता प्रवाहाची दिशा उलटी करा आणि तारेला लंब असलेल्या प्रत्येक अक्षाच्या दोन वाचनांतल्या फरकाचा अर्धा घ्या. पृथ्वीचा हिस्सा आपोआप वजा होतो. नेहमीची चूक म्हणजे अंतर फोनच्या कडेपासून मोजणं. सेन्सर फोनच्या आत असतो, बहुधा वरच्या भागात. लोखंडी टाचणी फिरवून तो शोधता येतो. क्षेत्राचा व्यस्तांक आणि कडेपासूनचं अंतर असा आलेख काढला की सरळ रेष येते. ती मूळ बिंदूतून जात नाही, आणि जितकी सरकलेली असते तितका सेन्सर कडेपासून आत. परीक्षेत न विचारला जाणारा हा आलेख प्रत्येकाने एकदा काढावाच. टेबल लाकडी हवं, आणि जोरदार निओडिमियम चुंबक फोनला चिकटवू नका, वाचनं बिघडतात.

उणीव अ‍ॅपपेक्षा फोनची जास्त. स्वस्त फोनमध्ये अनेकदा जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) किंवा मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) नसतो, मग अभिकेंद्री त्वरणाचा किंवा तारेचा प्रयोग होतच नाही. वर्गात एकाच चांगल्या फोनवर भागतं: ‘रिमोट अ‍ॅक्सेस’ चालू केलं की त्याच वायफायवरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये आलेख सगळ्यांना दिसतो आणि आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात.