भोसरीतल्या मशीन शॉपमध्ये पीओई टर्मिनल: अकरा महिन्यांनंतर

माझ्या टेबलाखाली एक खोका होता. त्यात मेलेले अॅडाप्टर जमा व्हायचे. कुणाची पिन वाकलेली, कुणाची वायर मशीनच्या दारात चेपलेली, कुणी कूलंट (कापताना धातूवर सोडतात ते थंड करणारं पाणी) पिऊन गप्प झालेला. दर दोन-तीन आठवड्यांनी एक नवा पाहुणा. शॉप फ्लोअरवरचा कॉम्प्युटर स्वतः क्वचितच बिघडायचा. बिघडायचा तो त्याचा अॅडाप्टर, नाहीतर अॅडाप्टर ज्यात खोचलाय तो एक्स्टेंशन बोर्ड.

आमचं शॉप मध्यम आकाराचं. सीएनसी आणि व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारी, मिळून चौदा मशीन, तीन पाळ्या, गुरुवारी सुट्टी. प्रत्येक मशीनपाशी एक स्क्रीन आहे. तिच्यावर ड्रॉइंग, त्याची चालू रेव्हिजन (म्हणजे आवृत्ती), झालेला काउंट आणि रिजेक्शनची एंट्री. मेंटेनन्स आणि आयटी दोन्ही माझ्याकडेच आहे, म्हणजे काहीही बंद पडलं तरी फोन मलाच. गेल्या नोव्हेंबरात जुने डबे काढून पीओईवर चालणारी १५.६ इंची टच टर्मिनल लावली. पंखा नसलेली, मागे एकच केबल. सोबत २१.५ इंची दोन डिस्प्ले, तेही पीओईवरच. गँगवेवरचा ४३ इंची टीव्ही मात्र आपल्या प्लगवरच ठेवला. तेवढा टीव्ही नेटवर्कच्या केबलवर चालवायचा अट्टाहास कशाला? त्याच्या मागचा छोटा प्लेयर तेवढा पीओईवर घेतला.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पीओई म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. डेटा ज्या केबलमधून जातो त्याच केबलमधून स्विच, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा, पन्नासेक व्होल्ट डीसी पाठवतो. २००३ च्या ८०२.३ एएफ मानकात एका पोर्टला १५.४ वॉट मिळायचे, २००९ च्या एटीमध्ये ३० झाले आणि २०१८ च्या बीटीमध्ये ९० पर्यंत गेले. हे आकडे स्विचच्या टोकाचे. एटीमध्ये ३० निघाले तरी उपकरणाने २५.५ च धरायचे. मधले साडेचार वॉट शंभर मीटर केबलच्या वाट्याचे. कॅटलॉगमध्ये ३० ठळक छापतात आणि २५.५ शोधावे लागतात, तेव्हा खरेदीच्या आधी ते शोधा.

सगळ्यात मोठा फायदा मला वाटला होता त्यापेक्षा वेगळाच निघाला. वाटलं होतं वायरिंग वाचेल. वाचलंच, पण खरी गंमत अशी की आता स्क्रीनपाशी काढायला प्लगच नाही. पूर्वी कॉम्प्युटरचा सॉकेट म्हणजे गावची विहीर. मोबाइल तिथेच, उन्हाळ्यात टेबल फॅन तिथेच, आणि जागा कमी पडली की उपटायचा तो कॉम्प्युटरचाच प्लग. "साहेब, आपोआप बंद झाला." आपोआप! आता तो प्रश्नच मिटला.

म्हणजे मिटला असं मी दोन महिने समजत होतो. जानेवारीत चार आणि नऊ नंबरची टर्मिनल मधूनच रीस्टार्ट व्हायला लागली. टर्मिनल बदललं, पॅच कॉर्ड (जोडायची छोटी केबल) बदलली, काही फरक नाही. शेवटी स्विचचा लॉग काढून बसलो. पोर्टवर ओव्हरलोड, पोर्ट बंद, पोर्ट चालू. वेळा ११:३२, ११:३४, दुसऱ्या दिवशी ११:३१. साडेअकराला पहिल्या पाळीची जेवणाची सुट्टी होते. तिसऱ्या दिवशी साडेअकराला मीच चार नंबरपाशी जाऊन उभा राहिलो. तिथल्या ऑपरेटर काकांनी हात पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि टर्मिनलच्या डाव्या यूएसबीत लावला. हेल्परने त्याचा उजव्या यूएसबीत. स्क्रीन काळी. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, असंच होतंय रोज."

हिशोब सोपा होता. टर्मिनल स्कॅनरसकट १७-१८ वॉट खातं. एक फोन चार्जिंगला लावला की सात-आठ वॉट वाढतात. दोन लावले की तिशीच्या पार, आणि स्विच पोर्ट बंद करतो. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. यूएसबी बंद करता आली असती, पण माणसांना फोन चार्ज करायचा असतो हेही खरं. पाण्याच्या कूलरशेजारी सहा सॉकेटचा बोर्ड लावून दिला. त्या दिवसापासून ती तक्रार नाही.

सुरुवातीचा दिवस मात्र विसरणार नाही. चोवीस पोर्टचा स्विच, पॉवर बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टना मिळून देता येणारी पॉवर, ३७० वॉट. सोळा उपकरणं, प्रत्येकी सरासरी वीसेक वॉट, म्हणजे ऐटीत बसायला हवीत. एकेक केबल लावत गेलो. बारा स्क्रीन पेटल्या, तेराव्याला ढिम्म. केबल बदला, पोर्ट बदला, टर्मिनल बदला. बाराच्या पुढे गाडी जाईना. पुरवठादाराचा इंजिनिअर फोनवर "स्विच फॉल्टी असेल" म्हणून मोकळा. संध्याकाळी मॅन्युअल वाचताना कळलं की आमचा स्विच उपकरण किती खातंय ते बघतच नाही, त्याचा क्लास, म्हणजे ते जास्तीत जास्त किती मागेल तो वर्ग, बघतो. क्लास चारचं उपकरण दिसलं की ३० वॉट राखून ठेवतो. बारा तिसा तीनशे साठ. उरले दहा, आणि दहात तेरावं बसत नाही. सेटिंगमध्ये वाटप क्लासऐवजी प्रत्यक्ष वापरावर टाकलं आणि सोळाही पेटल्या. सगळ्यांचा मिळून वापर तीनशेच्या आतच होता.

तरी महिन्याभरात दुसरा स्विच घेतला, कारण वेगळं. एका दुपारी मी शहाणपणाने स्विचचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. स्विच रीस्टार्ट झाला आणि त्याबरोबर अख्खं शॉप काळोखात. मशीन चालू होती, पण रेव्हिजन बघायला कुणाकडे काही नाही. सुपरवायझर धावत आले, चार मिनिटं मी त्यांच्याकडे बघणं टाळलं. काही स्विच रीस्टार्ट होतानाही पोर्टची पॉवर चालू ठेवतात, आमच्यात ती सोय नव्हती. घेताना हे विचारून घ्या. आता सम नंबरची मशीन एका स्विचवर आणि विषम दुसऱ्यावर. एक गेला तर शेजारच्या मशीनची स्क्रीन तरी चालू असते, आणि घाईत सगळे पॅच कॉर्ड दुसऱ्यावर हलवता येतात.

यूपीएसबद्दल मनापासून चांगलं बोलतो. आधी लाइट गेली की चौदा कॉम्प्युटर चौदा ठिकाणी मरायचे, आणि परत आली की त्यातले दोन-तीन डिस्क तपासत बसायचे. आता रॅकमध्ये एकच यूपीएस आहे, त्यावर दोन स्विच आणि त्यामुळे सगळ्या स्क्रीन. पावसाळ्यात दिवसातून तीनदा झटका बसतो, मशीन थांबतात, पण स्क्रीन हलत नाहीत. ऑपरेटर अर्धवट एंट्री पुरी करतो आणि मशीन रीसेट करायला वळतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा खर्च पुन्हा करेन.

रात्रीच्या फोनचंही तसंच. तिसऱ्या पाळीतून अडीच वाजता फोन: "सर, सात नंबरची स्क्रीन अडकलीये." पूर्वी म्हणजे "प्लग काढून लावा" सांगायचं, मग ते चुकीचा प्लग काढायचे, मग मी गाडी काढायचो. आता लॅपटॉप उघडतो, सात नंबरचा पोर्ट बंद करतो, दहा मोजतो, चालू करतो. "आली सर." परत झोप. एक गोष्ट आधी करून ठेवा. टर्मिनलच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं मूळ सॉफ्टवेअर) पॉवर आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, ती चालू हवी. आमच्या सोळांपैकी पाचांत ती बंद आली होती. गुरुवारच्या सुट्टीला आम्ही आधी स्क्रिप्टने विंडोज नीट बंद करतो आणि मग पोर्ट. थेट पोर्ट कापायची सवय लागली तर डिस्कचं जुनं दुखणं परत सुरू.

आता केबल. हा भाग नीट वाचा, कारण आमचे सर्वांत जास्त दिवस इथे गेले.

एप्रिलच्या शेवटी लांबच्या टोकाची तीन टर्मिनल दुपारी दोन ते चारच्या दरम्यान गचके द्यायला लागली. सकाळी ठीक, रात्री ठीक. मोबाइलचा संशय आधी आला, पण यूएसबी रिकाम्या होत्या. केबल टेस्टर लावला, आठही दिवे हिरवे. कंत्राटदाराने तेच दाखवून बिल पास करून घेतलं होतं. पण तो दिव्यांचा टेस्टर फक्त वायर जोडलेली आहे की नाही सांगतो, वाहून किती नेईल ते नाही.

मग एक प्लग कापला, आतली एक वायर ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरीफटक. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. वायर दोनदा वाकवली आणि तुटून हातात आली. दुसऱ्या प्लगची एक पिन काळवंडलेली. मल्टिमीटरने बघायचं ठरवलं: एका टोकाला एका जोडीच्या दोन वायरी पिळून एकत्र करायच्या, दुसऱ्या टोकाला ओहम मोजायचे. पंच्याऐंशी मीटरच्या चांगल्या तांब्याच्या कॅट ६ ला (नेटवर्क केबलचा एक दर्जा) अकरा-बारा ओहम यायला हवेत. इथे अठरा. एकीवर तर प्लग हलवला की आकडा चाळिशीपर्यंत उड्या मारायचा. पत्र्याच्या शेडमध्ये मेच्या दुपारी वर ट्रेमध्ये हात ठेववत नाही. त्या उष्णतेत ही वायर प्लगमध्ये ढिली पडते, सांधा तापतो, आणि स्क्रीन डोळा मारते. खोक्यावर मात्र ठळक अक्षरात कॅट ६ छापलेलं. कंत्राटदाराचं म्हणणं, "साहेब, सगळीकडे हीच टाकतो, कॅमेऱ्यांना तर मस्त चालते." चालत असेल. कॅमेरा पाच-सहा वॉट खातो.

त्या लॉटच्या नऊ केबल होत्या. दोन गुरुवार जाऊन सगळ्या बदलल्या, शुद्ध तांब्याच्या २३ गेजच्या टाकल्या, आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये होत्या त्याही बाजूला काढल्या. जूनपासून त्या तीन टर्मिनलनी एकदाही त्रास दिलेला नाही.

अंतराची फसवणूक आणखी एक. पार्ट धुण्याचं वॉशिंग मशीन रॅकपासून सरळ रेषेत सत्तर मीटरवर आहे, म्हणून निर्धास्त होतो. पण केबल सरळ जात नाही. वर चढते, क्रेनचा गर्डर टाळते, खांबाला वळसा घालते आणि खाली उतरते. मोजली तेव्हा ११२ मीटर. हद्द शंभरची. तिथे फायबर ओढला आणि डीआयएन रेलवर (पॅनेलमधली धातूची पट्टी) बसणारा छोटा पीओई स्विच लावला. त्याला ४८ व्होल्टचा वेगळा सप्लाय लागला, म्हणजे त्या कोपऱ्यात एसएमपीएस, अॅडाप्टरचाच मोठा भाऊ, परत आलाच.

त्याच वॉशिंग मशीनपाशी साध्या आरजे-४५ प्लगने आठ आठवड्यांत मान टाकली. तेलाची वाफ चिकट थर करून बसते, क्लिप तुटते, पिना हिरव्या होतात. तिथे गोल एम-१२ कनेक्टरचं टर्मिनल घेतलं, स्क्रू करून बसणारं. महाग आहे, पण तिथे त्याला पर्याय नाही. बाकी ठिकाणी साधा प्लग चालतो, फक्त चालू लोडवर काढू नका. बारीक ठिणगी पडते आणि पिनेला खड्डे पडतात. आधी पोर्ट बंद, मग प्लग.

सगळीकडे पीओई लावा असं मी म्हणणार नाही. पॅकिंगच्या टेबलावर लेबल प्रिंटर आहे, वजनकाटा आहे, दोघांनाही २३० व्होल्ट लागतातच. तिथे टर्मिनल पीओईवर घेऊन काय साधलं ते मला अजून सांगता येत नाही. तपासणीच्या कॅमेऱ्याचा ग्राफिक्स कार्डवाला पीसीही आम्ही प्लगवरच ठेवला. आणि जुने वायरलेस रेडिओ, कॅमेरे असतील तर त्यांचे २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये पॉवर सोडणारे छोटे डबे) शोधून वेगळे ठेवा. खरा पीओई स्विच आधी समोरच्या उपकरणात २५ किलोओहमची खूण आहे का ते तपासतो आणि मगच पॉवर सोडतो. कुणी चुकून लॅपटॉप लावला तरी काही जळत नाही. पॅसिव्ह इंजेक्टर काही विचारत नाही, सरळ सोडतो.

खर्चाचं विचाराल तर आमच्या कोटेशनमध्ये पीओई टर्मिनल साध्यापेक्षा सुमारे पाचवा हिस्सा महाग पडलं, स्विच वेगळे. चौदा ठिकाणचे सॉकेट, एमसीबी आणि कंड्युट वाचले त्यात बराचसा फरक भरून निघाला. नऊ केबल दुसऱ्यांदा ओढायला लागल्या नसत्या तर पुरताच निघाला असता.

एक बदल माझ्या पीएम शीटमध्ये, म्हणजे ठरलेल्या देखभालीच्या तक्त्यात, झालाय. कॉम्प्युटरची ओळ गेली आणि स्विचची आली. स्टोअरच्या वरच्या खोलीत रॅक आहे, एसी नाही, आणि तीनशे वॉट वाटणारे दोन स्विच स्वतःही तापतात. दर पंधरा दिवसांनी फिल्टर झटकायचा, पंख्यांचा आवाज ऐकायचा, तापमान लिहायचं. खंडेनवमीला मुलांनी मशीनबरोबर रॅकचीही पूजा केली. हार नेमका पंख्याच्या जाळीवर घातला होता, तो काढून दाराच्या मुठीला बांधला. हळदीकुंकवाची बोटं मात्र पाच टचस्क्रीनवर उठली. तीन नंबरची स्क्रीन संध्याकाळपर्यंत स्वतःच रिजेक्शन भरत होती.

पुढच्या महिन्यात शेजारच्या शेडमध्ये आणखी चार टर्मिनल लावायची आहेत. केबलचं रीळ आलं की ते उघडायच्या आधी मला बोलवा असं स्टोअरमध्ये सांगून ठेवलंय. ब्लेड माझ्या खिशातच असतं.