1590 सीसीचे पैसे घेऊन 1298 सीसीचे इंजिन: जिप्सीच्या इंजिनबदलात झालेली माझी फसवणूक

माझ्या वडिलांनी 1998 साली घेतलेली मारुती जिप्सी किंग गेले सात महिने ठाण्यात आमच्या इमारतीखाली ताडपत्री घालून उभी आहे. ती बिघडलेली नाही, चावी फिरवली की लगेच सुरू होते. पण तिच्यात आज जे इंजिन आहे ते कोणाचे, कुठून आले आणि त्याच्यावरचा नंबर कोणी व का घासला, यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नसल्यामुळे ती रस्त्यावर काढण्याचे धाडस मला होत नाही. जुन्या जिप्सीचे किंवा जीपचे इंजिन बदलण्याच्या विचारात असलेल्यांनी पैसे मोजण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, म्हणून तो सविस्तर लिहितो आहे.

आमच्या गाडीला मूळचे जी13बीए इंजिन होते: 1298 सीसी, कार्ब्युरेटरचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे. पंचवीस वर्षांनंतर ते ऑइल खाऊ लागले आणि माळशेज घाट चढताना दुसऱ्या गिअरवरही दम टाकू लागले. माझ्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, त्याच इंजिनाचे बोअरिंग करून (झिजलेले सिलिंडर आतून घासून) नवे पिस्टन-रिंग टाकणे. दुसरा, त्याच क्षमतेचे पण सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारे) इंजिन बसवणे, जे 2000 सालापासून खुद्द जिप्सीत सुमारे 80 अश्वशक्तीचे येऊ लागले होते. आणि तिसरा, मारुतीच्याच जुन्या बलेनो सेडानचे 1590 सीसीचे जी16बी इंजिन बसवणे, ज्याची ताकद साधारण 94 अश्वशक्ती आहे. तिसरा मार्ग जिप्सीवाल्यांच्या फार आवडीचा आहे, कारण ही दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली असल्यामुळे जिप्सीच्या गिअरबॉक्सशी त्यांची जुळणी होऊ शकते. मलाही त्याचाच मोह पडला.

तुर्भे एमआयडीसीतल्या एका गॅरेजमालकाने स्टँडवर चालू असलेले बलेनोचे इंजिन मला दाखवले. इंजिन, ईसीएम (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक), वायरिंग, फिटिंग आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, इंजिनाचा नवा नंबर चढवून देणे, असे सगळे मिळून 1 लाख 85 हजार रुपये ठरले. मी 90 हजार रुपये आगाऊ दिले आणि घरी आलो. दाखवलेल्या इंजिनाचा नंबर मी त्या दिवशी लिहून घेतला नाही. माझी सर्वांत मोठी चूक हीच, हे मी आज निःसंकोच मान्य करतो. आरटीओच्या कामासाठी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतात, तसाच ठसा मी त्या इंजिनाचा घेतला असता, तर पुढचे काही घडलेच नसते.

दीड महिन्याने गाडी ताब्यात मिळाली. आधीच्या मानाने ती नक्कीच चपळ झाली होती, आणि त्यामुळेच मी फसलो; कारण साठ अश्वशक्तीच्या थकलेल्या इंजिनानंतर कोणतेही धडधाकट सोळा व्हॉल्व्हचे इंजिन जोरदारच वाटते. उरलेले 95 हजारही मी त्याच दिवशी दिले. पुढच्या रविवारी घोडबंदर रस्त्याने निघालो असता गायमुखच्या चढावर गाडी अपेक्षेइतकी ओढत नाही हे जाणवले, आणि त्याच वेळी पेट्रोलचा उग्र वास आला. गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडले, तर फ्युएल रेलकडे (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या भागाकडे) जाणारी नळी जोडाजवळ पाझरत होती.

आमच्याच सोसायटीत राहणारे एक काका वागळे इस्टेटमधल्या बोअरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना नळी दाखवली तेव्हा ते गंभीर झाले. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब अगदी कमी असतो, एमपीएफआयमध्ये मात्र विजेचा पंप कित्येक पटींनी जास्त दाबाने पेट्रोल पाठवतो. तरीही गॅरेजवाल्याने जुनी साधी रबरी नळीच वापरून वर क्लिपा आवळल्या होत्या. तापलेल्या इंजिनावर ती सुटली असती तर काय झाले असते, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही, कारण त्या रविवारी माझी आई मागच्या सीटवर होती.

काका म्हणाले, "ज्याने नळीत पैसे वाचवले, त्याने इंजिनात वाचवले नसतील असं धरून चालू नकोस." जी13 आणि जी16 बाहेरून इतकी सारखी दिसतात की माझ्यासारख्याला फरक कळणे शक्य नाही, पण आतला फरक मोजता येतो: जी13चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिलिमीटर व स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) 75.5 मिलिमीटर, तर जी16चा बोअर 75 आणि स्ट्रोक तब्बल 90 मिलिमीटर. काकांनी बॅटरीची तार काढली, चारही स्पार्क प्लग काढले आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाची उरलेली बांबूची कामटी पहिल्या सिलिंडरमध्ये पिस्टनवर टेकेपर्यंत अलगद सोडली. पिस्टन वर-खाली व्हावा म्हणून मी पान्याने क्रँक पुली हळूहळू फिरवत होतो. कामटी सर्वांत वर आली तेव्हा कडेशी पेनाने एक खूण केली, सर्वांत खाली गेली तेव्हा दुसरी. पट्टी लावली, तर दोन खुणांमधले अंतर साडेसात सेंटिमीटरच्या जरासे पुढे भरले. खात्रीसाठी चौथ्या सिलिंडरमध्येही मोजले. उत्तर तेच आले. म्हणजे बलेनोच्या दराने मला बहुधा मारुती एस्टीमचे 1298 सीसीचे इंजिन विकले होते. ही मोजणी गॅरेजमध्ये, मालकासमोर, फार तर अर्ध्या तासात होते, आणि प्रामाणिक माणूस तिला नकार देणार नाही.

त्यानंतर टॉर्च घेऊन आम्ही ब्लॉकवरचा नंबर शोधला. ज्या सपाट जागी तो असायला हवा, तिथे ग्राइंडरचे तिरके ओरखडे होते आणि वर राखाडी रंगाचा हात मारलेला होता. इंजिन चोरीच्या गाडीतले असू शकते, ही शंका तेव्हा मनात आली आणि मी पोलिसांकडे लेखी अर्ज दिला.

आरसीचे आश्वासनही असेच पोकळ होते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. इंजिन बदलल्यास चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे लागते. म्हणजे खरोखरचे 1590 सीसीचे इंजिन बसवले असते तरी त्याची नोंद होणे कठीणच होते, आणि "कागदाची जबाबदारी माझी" हे गॅरेजवाल्याचे वाक्य त्याच्या अखत्यारीतले नव्हतेच. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी चासी व इंजिन नंबर तपासले जातात. अपघात झाल्यास विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गॅरेजला नोटीस पाठवली आणि उत्तर न आल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल केला. 2019 च्या कायद्यामुळे तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझ्याजवळ पक्के बिल नाही. 90 हजार यूपीआयने दिल्यामुळे त्यांचा पुरावा आहे. रोख दिलेल्या 95 हजारांसाठी व्हॉट्सअॅपवरच्या "पैसे मिळाले" या एका संदेशावर सगळी भिस्त आहे.

मला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. आरसीवर ज्याचा नंबर आहे ते वडिलांच्या वेळचे जी13बीए इंजिन परत मागितले, तेव्हा ते भंगारात दिल्याचे उत्तर मिळाले. बोअरिंग करून ते पुन्हा उभे राहिले असते, असे काका आजही म्हणतात. आता त्याच मॉडेलचे, विक्रेत्याच्या आरसीची प्रत आणि बिल सोबत असलेले इंजिन आम्ही शोधतो आहोत. मागच्या आठवड्यात कळव्याला एक पाहून आलो. कागदावर घेतलेला त्याच्या नंबरचा पेन्सिलीचा ठसा माझ्या पाकिटात आहे, आणि तो आरसीच्या प्रतीशी जुळेपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही, असे आमचे ठरले आहे.