ट्रेलरमधला गॅस डिटेक्टर : बॅटरीवरचा की प्लगवरचा?

मोर्शी-वरुड पट्ट्यात संत्र्याच्या बागेत मुक्काम करता यावा म्हणून आम्ही बोलेरोच्या मागे जोडायचा राहता ट्रेलर घेतला, त्याला आता चौथं वर्ष लागलं. आत दोन बर्नरची शेगडी, बाहेरच्या पेटीत पाच किलोचं सिलिंडर, पलंगाखाली बॅटरी, टपावर सोलर. एवढ्याशा जागेत गॅस डिटेक्टर लागतोच. प्रश्न असतो तो बारा व्होल्टच्या वायरिंगला कायमचा जोडायचा, की घरात असतो तसा २३० व्होल्टच्या प्लगमध्ये खोचायचा, याचा. मी दोन्ही वापरलेत, आणि दोन्ही गॅस नसताना वाजलेत.

काही बाबतीत दोघं सारखेच. स्वस्तातल्या बहुतेक डिटेक्टरांत तापवलेला टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो, आणि त्याला एलपीजी आणि दुसरी जळाऊ वाफ यांतला भेद कळत नाही. डासांचा स्प्रे मारला की तो वाजतो, कारण त्या डब्यातला दाबाचा वायू बरेचदा एलपीजीच्याच जातीचा असतो. सॅनिटायझरने वाजतो. बागेत फवारणी करून आलो आणि तेच कपडे आत टांगले, तर औषधातल्या सॉल्व्हंटच्या वाफेनेही वाजतो. ठेच्यासाठी तेलात मिरच्या परतताना तर आमच्याकडे दोन्ही वाजले. यावरून निवड करू नका.

प्लगवाला स्वस्त पडतो, अमरावतीला सहज मिळतो, वायर ओढावी लागत नाही. पण जिथे सॉकेट, तिथेच तो बसणार. आमच्याकडे सॉकेट ओट्याच्या वर आहे. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड, ती जमिनीलगत साचते आणि फोडणीची वाफ वर जाते. म्हणजे नको ते त्याला आधी लागतं आणि हवं ते उशिरा. एक्स्टेंशन लावून खाली आणता येतो, मीही आणला होता.

माझा निर्णय झाला तो लाईटमुळे. बागेतल्या लाईनवर रात्रीतून किती वेळा लाईट जाते-येते, हे ओलीत करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. दरवेळी लाईट आली की प्लगवाला नव्याने सुरू होतो : एक शिट्टी, मग दिवा लुकलुकत सेन्सर तापेपर्यंत तीन-एक मिनिटं. तेवढ्या वेळात त्याला काहीच कळत नाही, आणि लाईट नसताना तर तो बंदच. माझा तर तापता तापताच कधीकधी पूर्ण अलार्म द्यायचा. मागच्या पावसाळ्यात एका रात्री असं चार वेळा झालं. बायको उठली, म्हणाली, "अहो, हे काहून बोंबलून रायलं घडीघडी? काढून ठेवा बरं." मी काढला. सकाळी चहा ठेवताना पाहिलं, तो मिठाच्या बरणीशेजारी उताणा पडला होता आणि शेगडी पेटलेली होती. त्या क्षणी मला खरंच भीती वाटली. गॅस नसताना वाजणारा डिटेक्टर शेवटी कोणीतरी काढूनच ठेवतं.

बारा व्होल्टवालाही सुरुवातीला छळायचा. पण त्याच्या वाजण्याला वेळ होती, म्हणून कारण सापडलं. वहीत आठवडाभर टिपून ठेवलं तर बहुतेक वेळा भर दुपारी, सोलर जोरात असताना. पलंगाची फळी उचलली : बॅटरीची झाकणं ओलसर, आंबट वास, डिस्टिल्ड वॉटर खाली गेलेलं. पाण्याच्या बॅटरीचं चार्जिंग १४.४ व्होल्टच्या आसपास गेलं की ती हायड्रोजन सोडते, आणि डिटेक्टर नेमका तिथूनच हातभर अंतरावर. बॅटरी बाहेर, सिलिंडरच्या पेटीहून वेगळ्या, हवा खेळणाऱ्या पेटीत नेली, दुपारचं वाजणं थांबलं. उरलं पहाटेचं. फ्रीज सुरू होताना बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडायचं आणि त्याने डिटेक्टर वाजायचा. डिटेक्टरला बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणि छोटा फ्यूज दिला, तेव्हापासून रात्र शांत जाते. सोलर गावच्या लाईटवर अवलंबून नाही, त्यामुळे डिटेक्टर अखंड जागा असतो.

तुमचा ट्रेलर घराच्या अंगणात, भरवशाच्या लाईटवर उभा असेल तर प्लगवाल्यानेही भागेल बहुधा. बागेत, मेळघाटात किंवा ताडोब्याच्या बाजूला मुक्काम असेल तर मी बारा व्होल्टवालाच घेईन.

कोणताही घ्या, पण वाजला की आधी खरंच गॅस आहे असं धरा. बटणाला हात लावू नका, दार उघडा, सगळे बाहेर या, सिलिंडर बंद करा. वास येत राहिला तर बाहेर येऊनच १९०६ ला फोन करा. हवा मोकळी झाल्यावर जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पहा. तिथे काही नसेल तरच वर सांगितलेली कारणं शोधा. डिटेक्टरच्या मागे छापलेली तारीखही बघा, पाच-सात वर्षांत सेन्सर संपतो आणि मग तो नुसता चिवचिवत राहतो.

पावसाळ्याआधी टपाच्या फटी सिलिकॉनने भरत असाल तर डिटेक्टर काढून दूर ठेवा. त्या वाफेने सेन्सर मरू शकतो, आणि मेलेला सेन्सर खऱ्या गळतीलाही वाजत नाही. नवा आणला की स्क्रू मारण्याआधी वायर जोडून दोन दिवस तसाच चालू ठेवा. नवा सेन्सर स्थिरावायला तेवढा वेळ घेतो, आणि त्या दोन दिवसांत जागा चुकली असेल तर तेही लक्षात येतं.